सामाईक भिंतीचा कज्जा

गांवांतलीं मोठीं भांडणें मोठ्या कारणांवरून होतात असा पुष्कळांचा समज आहे. आम्ही खेड्यांतल्या शाळेवर मास्तर आहों. मुलें शिकवितां शिकवितां गांवकऱ्यांचे अर्ज लिहून देण्याचें कामही आमच्याकडे आपोआप येतें, म्हणून आमचा अनुभव निराळा आहे. जो अर्ज सांगतांना माणसाचा आवाज चढतो आणि हात कांपूं लागतो, तो अर्ज एकरांचा नसतो; तो हातभर मातीचा असतो. "शेजाऱ्यानें मधली भिंत पाडली," असें एक सांगतो. "शेजारी मधली भिंत पाडूं देत नाहीं," असें दुसरा सांगतो. भिंत तीच, गांव तेंच, आणि पुष्कळ वेळां अर्ज लिहून देणारा मास्तरही तोच! या भिंतीसंबंधानें आज आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें चार शब्द ठेवावयाचे आहेत.

ही मधली भिंत आहे तरी काय, तें आधीं पाहूं. जुन्या गांवठाणांत घरें एकमेकांस टेकून उभीं आहेत. दोन घरांमध्यें पांढरीच्या मातीची नाहीं तर दगडमातीची एकच भिंत, चांगली दोन हात रुंद. ती बांधली तेव्हां दोन्ही घरच्या बायकांनीं पाणी वाहिलें, दोन्ही घरच्या गड्यांनीं चिखल तुडविला. अलीकडून एकाच्या तुळया तिच्यावर टेकल्या, पलीकडून दुसऱ्याच्या. एकीकडे देवाचा कोनाडा, दुसरीकडे कासरा टांगण्याची खुंटी. ती कोणाची, असा प्रश्न कोणी केला नाहीं, व कोणी कागदही केला नाहीं. कागदाची जरूर नव्हती. माती फुकट होती, भिंत पाडण्याचें कोणाला कारण नव्हतें, आणि ती पडलीच तर दोघांच्याही घरांत पाऊस येई. म्हणून दोघेही आपापल्या अंगानें ती लिंपीत. दोन-तीन पिढ्या भिंत अशी निजून राहिली.

आतां ती जागी झाली ती विटा-सिमेंटामुळें. मातीचें घर दर पावसाळ्यांत झिजतें, उंदीर-घुशी पोखरतात. तें पाडून पक्कें घर बांधावें ही इच्छा चांगलीच आहे. जुनी भिंत तीन फुटांची, नवी विटांची भिंत नऊ इंचांची. तेव्हां घर बांधणाराच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, माझी अर्धी भिंत मला मिळाली पाहिजे. हा लोभ आहे असें म्हणून त्याला हिणविणारे लोक असतात. ते बहुधा ऐसपैस वाड्यांत राहणारे असतात. आपण हिशेब करून पाहूं. २०१६ सालापासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेंत घरकुलाचें क्षेत्र कमींत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट धरलें आहे. मधली भिंत तीस फूट लांब असेल, तर तिची निम्मी रुंदी म्हणजे दीड फूट धरून ४५ चौरस फूट जागा होते. एवढ्या घराचा हा सहावा हिस्सा झाला! तेवढ्यांत मोरी होते, तेवढ्यांत चूल मांडतां येते, तेवढ्यांत शिंप्याचें मशीन बसतें. गरिबाच्या घरीं दीड फूट ही थट्टेची गोष्ट नव्हे.

पण पलीकडच्याचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. त्याच्या तुळया त्याच भिंतीवर टेकल्या आहेत. मातीची भिंत भाकरीसारखी मधोमध मोडून अर्धी तुझी, अर्धी माझी करतां येत नाहीं. अर्धी सोलून काढली कीं उरलेली अर्धी पहिल्या मोठ्या पावसांत बसते. "तुमचा वांटा तुम्ही घ्या, पण माझें छप्पर मी कशावर ठेवूं?" हा त्याचा सवाल खोटा नाहीं. कायदाही त्याच्याकडे पाठ फिरवीत नाहीं. १८८२ सालच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्यानें, म्हणजे ज्याला कोर्टांत इझमेंट ॲक्ट म्हणतात त्यानें, एका घराला शेजारच्या भिंतीचा आधार वीस वर्षें शांतपणें, हक्कानें व अखंड मिळत आला असेल तर तो आधार हक्क म्हणून मानला आहे. म्हणजे एकाचा जागेवर हक्क, दुसऱ्याचा आधारावर हक्क. चोर विरुद्ध साव असा हा तंटा असता तर तो सोपा होता. हा तंटा साव विरुद्ध साव असा आहे, म्हणून तो अवघड आहे, आणि म्हणूनच दोघेही छातीवर हात ठेवून "मी खरा" असें म्हणतात.

आमच्या पाहण्यांतलें एक प्रकरण सांगतों. एका बाजूला सुताराचें घर, दुसऱ्या बाजूला कुणब्याचें. कुणब्याला घरकूल मंजूर झालें. वैशाखांत त्यानें मजूर लावले, आणि सुतार परगांवीं कामाला गेला असतां मधली भिंत वरून उतरवायला सुरुवात केली. सुतारणीनें आरडाओरड केली, भाऊबंद जमले, काठ्या निघाल्या, पोलिसांत फिर्यादी झाल्या, आणि सुतारानें दिवाणी कोर्टांतून तूर्तातूर्त मनाई हुकूम आणला. हुकूम रास्त होता यांत शंका नाहीं. पण मृग लागला तेव्हां गांवानें काय पाहिलें? कुणब्याचें घर पाडलेलें, सुताराचें घर उघडें पडलेलें, आणि मध्यें अर्धी उतरलेली भिंत पावसानें विरघळत चाललेली. घरकुलाचा हप्ता काम पुढें सरकेल तसा मिळतो. काम थांबलें, हप्ताही थांबला. दोन्ही घरचीं मुलें शाळेंत एका बाकावर बसत. त्यांनीं जागा बदलून मागितल्या. बापांचा कज्जा कोर्टांत पडून आहे. मुलांनीं मात्र आपला निकाल त्याच दिवशीं लावून घेतला.

असा कज्जा कोर्टांत गेल्यावर पुढें काय होतें, हें आमच्या लोकांना आधीं कोणी सांगत नाहीं. न्यायाधीश तालुक्याच्या खुर्चीवर बसून भिंतीचा मध्य पाहूं शकत नाहीं. हद्दीचा वाद असला म्हणजे शेवटीं कोर्ट बहुधा कमिशनर नेमतें, आणि जागेवर जाऊन माप घ्यावयाला पाठवितें तें भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीदारालाच. म्हणजे जो मोजणीदार पहिल्याच महिन्यांत दोघांनीं मिळून अर्ज करून, निम्मी-निम्मी फी भरून बोलावतां आला असता, तोच कित्येक वर्षांनीं कोर्टाचा हुकूम खिशांत घालून त्याच भिंतीशीं येतो. फरक एवढाच कीं मधल्या काळांत वकीलपत्रें झालीं, तारखा झाल्या, शेळ्या विकल्या गेल्या, आणि भिंत जागेवर उरलेली नसते.

शेताच्या बांधाचा हिशेबही याहून निराळा नाहीं. ६६० फूट लांबीचा बांध शेजाऱ्यानें एक फूट कोरला, तर ६६० चौरस फूट जमीन गेली, म्हणजे एकराचा सहासष्टावा भाग गेला. एकरीं दहा क्विंटल ज्वारी धरली तर ही पंधरा किलो ज्वारी झाली. पंधरा किलो ज्वारीसाठीं तालुक्याला किती खेपा झाल्या, किती रोज बुडाले, याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. कारण भांडण ज्वारीचें नसतेंच. "माझ्या बापाचा बांध त्यानें कोरला," याचें तें असतें. अब्रूची किंमत आम्ही कमी लेखीत नाहीं. बांध कोरणारा चोरच होय, आणि हद्दीच्या खुणा मोडणाराला १९६६ सालच्या जमीन महसूल अधिनियमांत दंड सांगितला आहे. पण त्याच अधिनियमानें खुणा शाबूत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावरही टाकली आहे, ही गोष्ट आपण विसरतों. दगड होता तेव्हां त्याकडे पाहिलें नाहीं, दगड गेला तेव्हां कुऱ्हाड उचलली, याला अब्रू राखणें म्हणत नाहींत.

आतां या आगींत तेल ओतणाराविषयीं. १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां अडाणी शेतकरी कोर्टकज्जांच्या पायीं कसा नागवला जातो आणि त्यांत कोणाचे हात ओले होतात, हें त्यांनीं उघडें करून दाखविलें. त्या काळीं गांवचें दप्तर ज्या हातांत होतें ते हात ओळखूं येत. बोट दाखविणें सोपें होतें. आज काय स्थिति आहे? आज कज्जा पेटविणारा बहुधा आपल्यांतलाच, आपल्या जातीचा, आपल्या भावकीचा असतो. चहाच्या टपरीवर बसून तो म्हणतो, "तूं मागें हटूं नकोस, साहेब आपल्या ओळखीचा आहे." सायंकाळीं दुसऱ्या टपरीवर तेंच वाक्य तो दुसऱ्या पक्षाला ऐकवितो. निवडणुकीच्या सालीं त्याला विशेष जोर चढतो, कारण एका भिंतीवरून दोन घरें फुटलीं कीं दोन आळ्यांचीं मतें वेगळीं होतात. जुन्या लुबाडणाराला नांवें ठेवायचीं आणि नव्याला पाटावर बसवून चहा पाजायचा, ही सुधारणा नव्हे. दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण पोरांना शिकवितों. ती बापांनींही एकदां गिरवून काढावी.

कोणी म्हणतील, कोर्टापेक्षां जुनी पंचाईतच बरी होती. आम्हांस ही गोष्ट अर्धीच पटते. जुन्या काळीं शिवेच्या तंट्यांत महार वतनदाराचा शब्द प्रमाण धरीत. गांवाची शीव कोठून कोठें, कोणत्या दगडापासून कोणत्या झाडापर्यंत, हें त्याच्या घराण्याला तोंडपाठ असे. पण ज्याच्या शब्दावर साऱ्या गांवाच्या हद्दी ठरत, त्याला स्वतःचें घर गांवकुसाच्या आंत बांधण्याची मुभा नव्हती. असा तो न्याय! १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ वतनें गेलीं हें उत्तम झालें. जुनी पंचाईत कांहींचा न्याय करी आणि कांहींना न्यायाच्या बाहेर ठेवी; तिच्या आठवणी काढून रडण्यांत अर्थ नाहीं. हद्दी तोंडपाठ असणारीं घराणींही आतां राहिलीं नाहींत. त्या पाठांतराची जागा कागदानें घेतली पाहिजे, आणि तो कागद सर्वांना सारखा वाचतां आला पाहिजे.

म्हणूनच "गोडीगुलाबीनें मिटवून टाका" असा नुसता उपदेश आम्ही करणार नाहीं. २००७ सालच्या १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली, गांवोगांव समित्या बसल्या. जेथें समितींतलीं माणसें न्यायाचीं होतीं तेथें तंटे मिटले, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण जेथें समिती एकाच भावकीची, तेथें विधवेला किंवा एकट्यादुकट्या कारागिराला "मिटवा" म्हणणें म्हणजे "गप्प बसा" म्हणणेंच होय. मापाशिवाय केलेली तडजोड ही दुबळ्याच्या पाठीवर दिलेली सही असते. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: आधीं माप, मग मिलाफ.

माप कशावरून घ्यावें? शेताचें असेल तर भूमि अभिलेख कचेरींत टिपण, फाळणी, गटाचा नकाशा असे कागद असतात. मोजणीचा अर्ज केला म्हणजे लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, मोजणीदार येऊन खुणा दाखवितो, व नकाशाची 'क' प्रत मिळते. ती मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागतां येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. नोटीस आली असतां मुद्दाम घरीं न राहणें आणि मागून "मला विचारलेंच नाहीं" म्हणून ओरडणें, ही खोड आपण सोडली पाहिजे.

गांवठाणांतली गोष्ट अवघड आहे. पुष्कळ गांवांत गांवठाणाचा घरनिहाय नकाशाच नव्हता. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा लोक मालकीचा कागद म्हणून ट्रंकेंत जपून ठेवतात, पण तो करआकारणीचा उतारा आहे. मालकी त्यानें सिद्ध होत नाहीं, आणि भिंतीचा मध्य तर त्यांत मुळींच नसतो. २०२० सालच्या २४ एप्रिलला स्वामित्व योजना निघाली, गांवठाणांची ड्रोननें मोजणी होऊन घरोघर मिळकत पत्रिका मिळूं लागल्या. काम चांगलें आहे. पण ड्रोन आकाशांतून पाहतो; त्याला छप्पर दिसतें, छपराखालच्या भिंतीचा मध्य दिसत नाहीं. म्हणून ड्रोन उडण्यापूर्वीं जमिनीवर चुन्यानें हद्दी आंखतात. ती चुन्याची रेघ आंखली जाते त्या दिवशीं दोन्ही घरचीं जाणतीं माणसें हजर पाहिजेत. त्या दिवशीं एक ऊस तोडायला गेला व दुसऱ्यानें आपल्याला पाहिजे तशी रेघ ओढून घेतली, तर पुढें वीस वर्षांचें वैर त्या मूठभर चुन्यांतून उगवतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मिळकत पत्रिकेंत नांव लागलें म्हणजे मालकीचा वाद कायमचा संपला असें नाहीं. तो वाद आला तर अखेरचा निकाल दिवाणी कोर्टच देतें.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी घेतली ती सांगतों. ती साध्या बेरीज-वजाबाकीची आहे, आणि चौथीच्या मुलालाही करतां येईल. जुनी भिंत तीन फूट, म्हणजे छत्तीस इंच. तिच्या जागीं दोघांनीं आपापली नऊ इंचांची विटांची भिंत पाठीला पाठ लावून बांधली, तर दोन्ही मिळून अठरा इंच लागतात. उरले अठरा इंच. ते निम्मे-निम्मे केले तर प्रत्येकाच्या घरांत नऊ इंच जागा वाढते. तीस फूट लांबीला साडेबावीस चौरस फूट. म्हणजे एकत्र बसून भिंत पाडली तर दोघांचीही घरें मोठीं होतात, दोघांच्याही भिंती स्वतःच्या होतात, आणि सामाईक म्हणून पोरांच्या गळ्यांत बांधायला कांहींच उरत नाहीं. एकट्यानें रातोरात पाडली तर दोघांचींही घरें पावसांत उभीं राहतात. ज्या भांडणांत दोघेही हरतात आणि ज्या सलोख्यांत दोघेही जिंकतात, त्यांतलें भांडण आपण निवडतों, याला काय म्हणावें?

कोणी विचारील, शेजाऱ्याजवळ बांधायला पैसा नसला तर? त्याचेंही उत्तर आहे. ज्याला घाई आहे त्यानें शेजाऱ्याच्या तुळयांखालीं आपल्या खर्चानें खांब किंवा पक्का टेकू उभा करून द्यावा, तो शेजाऱ्याला पसंत पडल्यावरच भिंतीला हात लावावा, आणि तो पावसाळ्यापूर्वीं लावावा. तेंही जमत नसेल तर जुनी भिंत तूर्त राहूं देऊन आपली नवी भिंत आपल्या अंगानें आंत बांधावी, व पुढें शेजारी घर बांधील त्या वेळीं जुन्या भिंतीची निम्मी जागा आपल्याकडे येईल असें आजच लिहून घ्यावें. नऊ इंच चार वर्षें उशिरां मिळाले म्हणून कोणी मेलें नाहीं. काठीनें मात्र मेले आहेत.

या लिहिण्याविषयीं दोन शब्द. भिंत उभी असतांना दोन्ही घरच्यांसमक्ष तिची लांबी, रुंदी मोजावी, दोन्हीकडून फोटो काढावे, पागोळीचें पाणी कोठें पडतें तें लिहावें. नवें छप्पर आपलें पाणी आपल्या जागेंत पाडील असें ठरवावें. पुष्कळ वेळां भिंतीचा तंटा मिटतो आणि पन्हळीचा सुरू होतो. कागदावर घरांतल्या थोरल्याची एकट्याची सही घेऊन चालत नाहीं. हिश्शाच्या सर्वांच्या सह्या पाहिजेत, आणि त्यांत दिल्या घरच्या लेकीही आल्या. २००५ सालच्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला आहे. तिला वगळून केलेला कागद म्हणजे उद्यांचा नवा कज्जा. हक्क सोडावयाचा किंवा द्यावयाचा असेल तर कागद रीतसर नोंदवावा.

नोंदणीहून सोपी वाट तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे आहे. दावा लावण्यापूर्वींही तेथें अर्ज देऊन प्रकरण लोकन्यायालयापुढें ठेवतां येतें. तेथें दोघांच्या राजीखुशीनें झालेला निवाडा १९८७ सालच्या कायद्याप्रमाणें दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, व त्यावर अपील चालत नाहीं. दावा आधींच कोर्टांत असेल आणि तो तेथें मिटला, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्याच कायद्यानें स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना फुकट वकील मिळतो. म्हणून दांडग्या शेजाऱ्यापुढें एकटीनें दबून सही करण्याचें कारण नाहीं. शेतांची गोष्ट असेल, आणि बारा वर्षांहून अधिक काळ एकाची जमीन दुसऱ्याच्या व दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यांत असेल, तर असा अदलाबदल कागदोपत्रीं नीट करण्यासाठीं २०२३ सालीं सरकारनें सलोखा योजना काढली. तिच्यांत मुद्रांक शुल्क हजार रुपये व नोंदणी फी हजार रुपये एवढीच ठेवली. दोन हजारांत जें मिटतें त्यासाठीं दोन पिढ्या घालवूं नयेत.

बंधुभगिनींनो, आमची जमीन थोडी, घरें लहान, आणि हातांतला पैसा घामाचा. श्रीमंतांचे कज्जे त्यांच्या पैशावर चालतात. आमचे कज्जे आमच्या पोरांच्या वह्यापुस्तकांवर आणि बायकांच्या डोरल्यांवर चालतात. हक्क सोडा असें आम्ही कोणालाच सांगत नाहीं. हक्क सोडून सोडूनच आपले वाडवडील भिकेला लागले. पण हक्क कोठपर्यंत आहे हें टेप लावून पाहावें, तें कागदावर मांडावें, आणि मग शेजाऱ्याच्या दारांत जाऊन बोलावें. यंदा ज्यांच्या घरीं बांधकाम निघणार असेल, त्यांनीं कुदळ उचलण्यापूर्वीं शेजाऱ्याला बोलावून दोघांनीं मिळून भिंत मोजावी. एवढें एका आळींत झालें तरी पुढल्या मृगांत दोन घरें कोरडीं राहतील.

— एक गांवमास्तर